उकिरड्यावरची पणती

नागूबाईनं करडाच्या छातीवर पुन्हा हात ठेवला. भिंतीइतकीच गार लागली.

शेळी पहाटे व्याली आणि व्यातानाच गेली. मागं राहिलेलं हे ओलं करडू आता थरथरायचंही थांबलं होतं. रात्रभर अवकाळी पाऊस. वीज गेलेली, सरपण भिजलेलं, चुलीत नुसता धूर. करडू पदरात घेऊन नागूबाई चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत येरझारा घालत होती.

परवाच सोनारीच्या देवळात कीर्तनकार बुवा म्हणाले होते, "देह म्हणजे चूल. सरपण सरलं की राख." तेव्हा तिनं डोळे पुसत मान डोलावली होती. आज तेच बोल तिला टोचत होते. 'देवा, ह्याची चूल तर अजून नीट पेटलीबी न्हाय!'

"आत्याबाई, जरा बसा तरी," सून करिश्मा म्हणाली.

"कशी बसू? एवढी शिकलीस, सांग की. चहा गार हुतो, तवा गार हुतो. आपोआप ऊन काहीच कसं हुत न्हाय?"

"न्हायच होत. एकानं झिजावं, तवा दुसऱ्याला ऊब मिळती." करिश्मा एकदम थांबली. "उकिरडा! काल शेण टाकताना वाफ येत हुती. आत कुजतंय, म्हणून तापलाय त्यो."

नागूबाई दचकली. काल संध्याकाळीच तिनं उकिरड्यावर दिवाळीची पणती लावून हात जोडले होते. "सणाचा उकिरडा उकरायचा? लक्ष्मीच्या अंगाला हात घालायचा?"

करडाची मान लटकली.

तशी करडू करिश्माकडं देऊन नागूबाई भुरभुरत्या पावसात निघाली. विझलेली पणती उचलून कपाळाला लावली, गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवली. "आई, लेकरू तुझ्या कुशीत ठिवते," म्हणत दोन्ही हातांनी उकरू लागली. भसकन वाफ आली. हाताला सोसेल अशा उबेत गोणपाटात गुंडाळलेलं करडू ठेवलं, तोंड तेवढं उघडं. करिश्मानं वर ताडपत्री धरली.

नागूबाईला दम कुठला! घडीघडी गोणपाट उचलायची.

"उघडू नका सारखं, ऊब पळती."

"आन् जीव पळाला तर?"

पुन्हा हात आत घातला, आणि मनगटावरून काहीतरी ओघळलं. करडू मुतलं होतं.

"ऊन हाय गं! ऊन मुतलंय!" नागूबाई ओरडली. करडानं तिच्या बोटाला तोंड लावलं.

करिश्मा हसत उठली. "दुसऱ्या शेळीचं दूध काढते. तुमी आधी हात धुवा."

"धुते की. गार तर हुं दे."