पत्ती सरकेना

सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आज त्याला तपासायची होती ती टेकडीला अडवून धरणारी उंच भिंत, आणि तिच्या पायथ्याशी पहिलंच घर ताईचं.

"किती येरझाऱ्या घालशील? जॅक काय तुझ्या फेऱ्यांवर चालतो?" जॅकला तेलाचा दाब देणारा पंपवाला म्हणाला.

भिंतीतून टेकडीच्या पोटात रोवलेले अँकर, म्हणजे लांब पोलादी सळया, बसवतानाच ताणून ठेवले होते. आज त्यांत किती ताण आहे, ते बघायचं होतं. जॅकने अँकर बाहेर ओढायचा. त्याचं डोकं भिंतीवरच्या प्लेटवरून केसभर उचललं, की खाली पातळ पत्ती सरकते. त्या क्षणी डायलवर दिसेल तो आतला ताण. डायलवरच्या लाल खुणेपुढे मात्र ओढायचं नाही, अँकर तुटायचा.

वरची रांग ठीक निघाली. मग ताईच्या घरामागचा अँकर घेतला. काटा चढत गेला, बसवतानाचा आकडा मागे पडला, तरी पत्ती सरकेना.

"अजून जरा रेटू?"

"हात लावू नकोस. लाल खूण आली."

"जॅक वाकडा बसला असेल."

तसंच असावं, असं त्यालाही मनापासून वाटलं. जॅक काढून पुन्हा बसवला. पुन्हा तेच. शेजारचा अँकरही तसाच. म्हणजे आतला ताण बसवतानापेक्षा कितीतरी वाढला होता; टेकडी पुढे सरकत होती आणि अँकर तिला जिवाच्या आकांताने धरून होते.

तेवढ्यात त्याला ताईचं दार आठवलं. "दार घासतंय रे, सुतार आण," ती कधीची मागे लागली होती. सुतार कशाला, म्हणून यानेच दोनदा रंधा मारला, लाकूड फुगलंय म्हणाला आणि चहा पिऊन आला. भिंतींची नाडी बघणारा हा शहाणा! स्वतःची अशी चीड त्याला कधी आली नव्हती.

"ऑफिसला कळव! खालची सगळी घरं रिकामी करायला सांग," असं ओरडत तो पायऱ्या उतरत सुटला. त्याने ताईच्या दारावर थापा मारल्या.

"ताई, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

"आले रे, आग लागलीय का कुठे?" आतून कडी निघाली. दार जागचं हललं नाही. "बघ, अडकलं पुन्हा. जा, तुझा रंधा घेऊन ये."

"रंधा राहू दे." त्याला रडू फुटलं. "खिडकीतून ये. मी धरतो."

 धाकटा भाऊ रडताना तिने लहानपणानंतर ऐकला नव्हता. मग खिडकी उघडली.

"चष्मा धर आधी," ताई म्हणाली आणि तिने पाय बाहेर टाकला.