मांजर्लीच्या गच्चीवरचा चंद्र

काही माणसांच्या जिभेवर साखर असते आणि हात बरबटलेले असतात. मधू सर त्यातलेच, पण हे शिवरामच्या ध्यानात यायला भिंतीएवढा फ्लेक्स लागला.

शिवराम अंबरनाथच्या एका वर्कशॉपात लेथवर टर्नर. चोवीस वर्षांत त्याने कातलेला जॉब इन्स्पेक्शनमधून क्वचितच परत आला असेल. मुलगी यशोधरा बदलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची, तीही कंत्राटावर. दर जूनला नवा अर्ज. मधू सर एका केमिकल कंपनीतले अधिकारी आणि बदलापुरातल्याच मांजर्लीच्या आकाशप्रेमी मंडळाचे सर्वेसर्वा. मंडळाच्या गच्चीवर दुर्बीण होती. यशोधराने मावसभावाचा डिजिटल कॅमेरा मागून आणला आणि दुर्बिणीतून चंद्राचा फोटो काढायचं डोक्यात घेतलं.

बोलायला सोपं. नुसत्या हाताने कॅमेरा दुर्बिणीच्या भिंगाला टेकवला, तर चंद्र पुसलेल्या रांगोळीसारखा यायचा. मग शिवरामने भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून एक कडं कातलं. एका बाजूने भिंगावर बसेल, दुसरीकडून कॅमेऱ्याला धरेल असं. पहिलं कडं आखूड पडलं. कॅमेरा चालू केला की त्याची नळी पुढे येते, हे मोजताना बापलेकीच्या लक्षातच आलं नव्हतं. नळी टक्कन भिंगावर आपटली आणि यशोधराच्या काळजाचं पाणी झालं. दुसरं कडं बरोबर बसलं, तर कॅमेऱ्याच्या वजनाने दुर्बीण मान टाकायला लागली. तेव्हा शिवरामच्या बायकोने, जनाबाईने, नटबोल्टची पिशवी दुसऱ्या टोकाला बांधून दिली. बटणाचा धक्का लागू नये म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि तिघांनी श्वास रोखून बाजूला उभं राहायचं. तीन संध्याकाळी, नव्वदेक फोटो, त्यात एक उतरला. कडेला काळपट, जरासा पुसट, पण खड्डे बोटाने मोजावेत असा. शिवरामचा हर्ष पोटात मावेना. वर्कशॉपात सगळ्यांना दाखवून झाला.

प्रदर्शनासाठी मधू सरांनी त्या फोटोची सीडी मागून नेली. रविवारी तिघं नवे कपडे घालून हॉलवर गेली. दारातच तो फ्लेक्स. 'मांजर्लीच्या गच्चीवरून टिपलेला चंद्र. छायाचित्र : कु. यशोधरा. कडे : श्री. शिवराम.' वर चंद्र मात्र भलताच. चकचकीत, देवीच्या व्रणांनी भरलेल्या तोंडासारखा, आणि ज्या काळ्या डागांत सगळी दुनिया ससा बघते, ते डागच नाहीत. शिवरामला आधी वाटलं, उलटा छापलाय. त्याने मान वाकडी करून पाहिलं. ससा कुठल्याच बाजूने सापडेना.

"मधू सर, हा आमचा नाही."

"शिवरामभाऊ, तुमचा मोठा केला की फुटत होता हो. नगरसेवक येतायत, पेपरवाले येतायत. नेटवरून स्वच्छ घेतला. चंद्र तो चंद्रच ना?"

"मग नाव कशाला आमचं?"

"मेहनत तुमचीच ना!" मधू सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सरांच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. शिवरामला शिसारी आली. दुसऱ्याच्या जॉबवर आपला शिक्का मारायचा, आणि वर उपकार केल्यासारखं हसायचं! त्याने तो हात झटकला.

यशोधरा फ्लेक्ससमोर खिळून उभी होती. "पप्पा, ही चंद्राची मागची बाजू आहे," ती हळूच म्हणाली. "ती इथून दिसतच नाही. तिचे फोटो यानातून काढतात." आकाशप्रेमी मंडळाचा सर्वेसर्वा, आणि चंद्राचं तोंड कुठलं नि पाठ कुठली एवढं कळू नये!

सत्काराला तिला वर बोलावलं. शाल हातात घेण्याआधी तिने माइक ओढला. "हा फोटो माझा नाही. ही चंद्राची मागची बाजू आहे. पृथ्वीवरून ती कुणालाच दिसत नाही."

मधू सरांचा चेहरा क्षणभर पडला आणि लगेच फुलला. त्यांनी माइक हिसकावला. "ऐकलंत मंडळी? पृथ्वीवरून कुणालाच न दिसणारी बाजू! आणि ती टिपली कुणी? आपल्या बदलापूरच्या लेकीने! आणि नम्रता बघा, म्हणते माझा नाही! टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नगरसेवक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकाही शहाण्याला प्रश्न पडला नाही, की दिसत नाही तर टिपली कशी. शिवराम खुर्चीवर उभा राहून ओरडला, "अरे, खोटं आहे ते!" शेजारच्याने हसून त्याचा हात धरला. "काका, आनंदाने भान सुटतं, बसा."

मंगळवारी पेपरात आलं. बुधवारी शाळेच्या प्रार्थनेत मुख्याध्यापिकाबाईंनी यशोधराला पुढे उभं केलं. तिने सांगून पाहिलं. मुलं हसली, बाईंनी पाठ थोपटली. गुरुवारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. अशी शिक्षिका कंत्राटावर ठेवणं शोभत नाही, जूनपासून कायम करतो, म्हणाले. या वेळी तिने काही सांगितलं नाही.

रात्री तिघं जेवायला बसली. जनाबाईने पेपरातलं कात्रण उचललं. त्यात तोच बिनसशाचा चंद्र, खाली यशोधराचं नाव.

"फ्रेम करायची का गं?" तिने विचारलं.

शिवरामचा घास हातातच राहिला. तो पोरीकडे बघत होता. ती नाही म्हणणार, याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती.

यशोधराने मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "कर. नाव तर माझंच आहे ना."

शिवरामने अर्ध्या ताटात हात धुतला.