निळ्या पिंपातलं कासव

कुंदाला खरं तर कुत्रा हवा होता. पण घरमालकाने खोली देतानाच बजावलं होतं की कुत्रा, मांजर, कोंबडी यातलं काहीही चालणार नाही. १९८६ साल होतं. बोईसरला रोज नवे लोक कारखान्यांत कामाला येत होते आणि भाड्याची खोली मिळणं कठीण झालं होतं, त्यामुळे घरमालकाचा शब्द मोडणं शक्य नव्हतं. शेवटी कुंदानेच तोड काढली. कासव भुंकत नाही. केळव्याला आजोबांच्या वाडीतल्या विहिरीत एक कासव होतं. सुट्टीत गेली की ती कठड्यावर हनुवटी टेकून ते वर यायची वाट बघत बसायची. घरमालकाला विचारलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, कासवाला माझी काही हरकत नाही.

तिचे वडील, नरहरी राऊत, औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. विचारपूस केल्याशिवाय साधी छत्रीसुद्धा घ्यायची नाही असा त्यांचा स्वभाव होता आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. स्टेशनबाहेर रामनाथ नावाचा एक माणूस बादलीत कासवाची पिल्लं घेऊन बसायचा. पिल्लांच्या पाठी हिरव्यागार दिसायच्या. नरहरींनी त्याला ती कुठून आणली ते विचारलं, तर तो सुरत म्हणाला. आठवड्याने पुन्हा विचारलं, तर नाशिक म्हणाला. काय खातात विचारल्यावर म्हणाला, "कुछ भी खा लेता है, साहब." नरहरींनी एक पिल्लू उचलून पाठीवर अंगठा घासला, तर अंगठा हिरवा झाला. ते तसेच परत आले आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटले की जनावर घ्यायचं तर जो माणूस उद्याही त्याच जागी सापडेल, त्याच्याचकडून घ्यावं.

असं माणूस म्हणजे जवळच्याच नवापूर गावची येसूबाई. बोईसरच्या बाजारात ती कित्येक वर्षं एकाच जागी सुके बोंबील, सोडे आणि जवळा घेऊन बसायची. तिचा दीर महादू गावतळ्यात जाळं टाकायचा, त्यात कधीमधी कासव यायचं. खाण्यासाठी मागणाऱ्याला ती देत नसे. पाळणाऱ्याला मात्र द्यायची. त्या दिवशी तिच्याकडे घमेल्यात, ओल्या गोणपाटाखाली, दोन कासवं होती. एक मोठं होतं, पण हात लावला की आत जाऊन बसायचं. दुसऱ्याच्या पाठीची कड एका बाजूला जराशी तुटली होती, पण त्याने कुंदाच्या तळहातावर पुढचे दोन्ही पाय टेकले आणि मान लांब काढून तिच्याकडे पाहिलं. कुंदाने तेच घेतलं.

येसूबाई तिला म्हणाली, "भात दे, करंदी दे. खाल्लं नाय तर परत आन माझ्याकडं. मी बदलून देईन. आमी काय पलून जानार नाय."

कासवाला ठेवायला नरहरींनी निळ्या प्लास्टिकच्या पिंपाचा खालचा अर्धा भाग आणला. कारखान्यांतली रिकामी पिंपं कुंभवलीपलीकडच्या एका भंगाराच्या गोदामात जात. तिथे काम करणारा देवू त्यांच्या ओळखीचा होता, त्याने करवतीने कापून दिलं. ही पिंपं घरात वापरू नका असं कारखान्यात वारंवार सांगितलं जायचं. तरी बोईसरात घरोघरी तीच होती. पाण्याची बोंब असताना एवढं मोठं भांडं दुसरं मिळणार कुठे? नरहरींनी ते धुण्याच्या सोड्याने एकदा घासलं, वास गेल्यासारखा वाटला, आणि मागच्या गॅलरीत ठेवून पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर पिवळट झाक होती. त्या पिंपात आधी काय होतं हे नरहरींना वासावरून ओळखता आलं असतं. त्यांनी वास घेतला नाही. विजया, त्यांची बायको, स्टोव्हपाशी होती. तिने पाहायच्या आत त्यांनी पाणी मोरीत ओतलं आणि नवं भरलं. दोन-चार धुण्यांत जाईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पहिले काही दिवस कासवाने करंदी, ती बारीक कोलंबी, खाल्ली. मग ते खाईना. त्याचे डोळे सुजले, मानेच्या कातडीवर पांढरे चट्टे उठले. ते सारखं पिंपाच्या कडेवर चढायला बघायचं आणि घसरून पाण्यात पडायचं. विजया म्हणाली की येसूबाईने सांगितलंय, तर नेऊन दाखवा. नरहरी म्हणाले, रविवारी बघू. येसूबाई पहिला प्रश्न काय विचारील हे त्यांना ठाऊक होतं: ठेवलं कशात होतं?

रविवार यायच्या आधीच कासव मेलं. कुंदा गॅलरीत बसून हमसून रडत होती. शेजारच्या खोल्यांतल्या बायका जमल्या होत्या. कशाने गेलं म्हणून प्रत्येकजण विचारत होती आणि सगळ्यांच्या नजरा नरहरींकडे होत्या, कारण चौकशी करून, पारखून आणलं होतं ते त्यांनीच.

"मुळात रोगटच होतं ते," ते म्हणाले. "बाईने गळ्यात मारलं."

विजया भांडखोर नव्हती. पण पोर दोन वेळा जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी भाजीला गेली तेव्हा ती येसूबाईपुढे जाऊन उभी राहिली आणि भर बाजारात बोलली. लहान मुलीच्या हातात मरायला टेकलेलं जनावर ठेवताना लाज वाटली नाही का, असं विचारलं. कासवच असलं रोगट, तर मासळी कसली विकत असेल देव जाणे, असंही म्हणाली. येसूबाईने एवढंच म्हटलं की कासव चांगलं होतं. तेव्हा साखरबाई तिथेच बोंबील निवडत होती. ती कारखान्यातल्या कामगारांसाठी खानावळ चालवायची आणि येसूबाईचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती. तिने हातातले बोंबील परत टोपलीत ठेवले आणि पलीकडच्या बाईकडे गेली.

विजयाने हे सगळं जेवताना सांगितलं. जे करायला हवं होतं ते केलं, असं समाधान तिच्या आवाजात होतं. नरहरींचा घास तोंडातच राहिला.

"कशाला गेलीस तू?"

"तुम्हीच म्हणालात ना, तिने गळ्यात मारलं?"

ते ताटावरून उठले. त्या दिवशी ते वेळेच्या बरेच आधी पाळीवर निघाले. कंपनीची बस बाजारावरून जायची. खिडकीतून त्यांना येसूबाई दिसली. पुढ्यातल्या टोपल्या तशाच भरलेल्या, आणि ती माश्या हाकत बसलेली. दुसऱ्या दिवसापासून ते बसच्या पलीकडच्या बाजूला बसू लागले.

आपण खरं सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात अनेकदा आलं. पण दर वेळी वाटायचं, आता विजया बोलून बसली आहे. आता सांगितलं तर तिचीही शोभा होईल. बायकोची अब्रू राखतो आहोत असं म्हणत ते गप्प राहिले. ही सबब किती सोयीची आहे तेही त्यांना कळत होतं.

मग एका संध्याकाळी येसूबाईच दारात आली. खोली शोधत, विचारत आली होती. डोक्यावर टोपली, टोपलीत ओलं गोणपाट. बाजारातल्या बोलण्याचा तिने उल्लेखही केला नाही. पोरीला शब्द दिला होता, महादूच्या जाळ्यात आज दुसरं आलं, म्हणून घेऊन आले, असं ती म्हणाली. विजयाने तिला पाणी दिलं, पण ती अवघडून उभीच राहिली. कुंदाला मात्र कुणाचं काही नव्हतं. ती धावत गॅलरीत गेली, उपडं ठेवलेलं पिंप फरफटत आत आणलं आणि तांब्याने त्यात पाणी ओतू लागली. येसूबाईने गोणपाट बाजूला केलं, दोन्ही हातांत कासव धरलं आणि पिंपावर वाकली.

"मावशी, थांबा," नरहरी म्हणाले. "त्यात नको."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पिंपात कारखान्याचं रसायन होतं. मी नीट धुतलं नाही. तुमचं कासव चांगलं होतं."

येसूबाईने कासव पुन्हा टोपलीत ठेवलं, गोणपाट नीट पांघरलं आणि विजयाकडे वळली.

"बाय, तुला ठावं होतं?"

विजयाने मान हलवली. नव्हतं.

"मंग तुज्यावर माझा राग नाय," येसूबाई म्हणाली. कुंदाच्या गालावरून हात फिरवून तिने सांगितलं, "हा मी तुला नाय देत, पोरी. हा तल्यात जाईल." टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली. नरहरींकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

ती गेल्यावर विजयाने पिंप मोरीत उपडं केलं. मग म्हणाली, "मी भर बाजारात तिला लबाड ठरवलं. तुमच्या शब्दावर."

नरहरी म्हणाले की उद्या मी जाऊन सगळ्यांसमोर सांगतो.

"तुम्ही तुमचं सांगा," ती म्हणाली. "माझं मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी दोघं बाजारात गेली. विजया आधी बोलली. जिथे उभी राहून बोलली होती तिथेच उभं राहून तिने सांगितलं की मी बोलले ते खोटं होतं, यांच्या मालात काही दोष नव्हता, दोष आमच्या घरात होता. बोलता बोलता तिचा आवाज फुटला, पण तिने वाक्य पुरं केलं. मग नरहरींची पाळी आली. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की समोरचा भाजीवाला म्हणाला, काका, काही ऐकू येत नाही. त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं: पिंप, गोदाम, एकदाच धुणं. मागे कुणीतरी हसलं. एका कासवासाठी एवढं, असंही कुणी म्हणालं.

साखरबाई हसली नाही. ती पुढे आली आणि तिने विचारलं की ते पिंप कुठल्या गोदामातलं. नरहरींनी सांगितलं.

"माझ्या खानावळीत प्यायचं पाणी तिथल्याच पिंपात असतं," ती म्हणाली.

नरहरींनी तिला ते पाणी ओतून टाकायला सांगितलं. आता मात्र लोक जवळ सरकले. आमच्याकडेही आहे, आमच्या चाळीत सगळ्यांकडे आहे. त्यात आधी काय होतं ते कसं ओळखायचं? नरहरींना सगळ्यांना एकच उत्तर देता येत होतं, की वापरू नका. तेवढ्यात विजया त्यांच्याकडे वळली. स्वतःच्या घरात पिण्याचं पाणी पितळी हंड्यातच ठेवायचं, पिंपात नाही, हा नियम त्यांनीच केला होता आणि कारण कधी सांगितलं नव्हतं.  तिला काय आठवलं ते त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तुम्हाला माहीत होतं, तर इतके दिवस सांगितलं का नाही?" साखरबाईने विचारलं.

 मग साखरबाई येसूबाईपुढे बसली आणि बोंबील निवडू लागली. येसूबाईने ते बांधून दिले.

त्यानंतर काही घरांतली पिंपं गेली, पुष्कळांची तशीच राहिली. देवूने नरहरींशी बोलणं टाकलं. बसमध्ये मागच्या बाकांवरून "कासव आलं" असं ऐकू यायचं, तेव्हा ते ऐकलं नाही असं दाखवायचे. विजया येसूबाईकडे जात राहिली आणि दोघी एकमेकींच्या घरचं विचारू लागल्या. नरहरी बरोबर असले की येसूबाई त्यांनाही "बरं हाय ना, भाऊ" म्हणायची. तिने दोन शब्द ऐकवले असते तर त्यांना त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

कुंदा मात्र वडिलांशी कामापुरतंच बोलायची. एका दुपारी नरहरी गॅलरीत दाढी करत होते. ती त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, पिंपामुळे होतंय हे तुम्हाला ते मेल्यावर कळलं ना?"

आरशात त्यांना तिचा चेहरा दिसत होता. 'हो' म्हटलं असतं तर तिने ते मानलं असतं. तिला तेच ऐकायचं होतं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि तिच्याकडे वळले.

"नाही," ते म्हणाले. "ते जिवंत होतं तेव्हा."

 कुंदा आत आईजवळ जाऊन बसली. नरहरी अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून गॅलरीत उभे होते.