ब्राउनश्वाइगचा पूर्वरंग

जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या हॉखशूलेत सुलेखा वर्षभराच्या विद्यार्थी-अदलाबदलीवर रसायनशास्त्र शिकायला आली, तेव्हा तिनं पेटीत कोटापेक्षा जपून काही आणलं असेल तर झांजा. वडील संगमनेरचे हरदास. त्यांच्यामागे उभं राहून ध्रुवपद धरता धरता ती स्वतःच कीर्तनं करायला लागली होती.

इथं सकाळी ट्राम, दिवसभर प्रयोगशाळेत नळ्या धुणं, दुपारी मेन्झात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत, उकडलेले बटाटे. शेजारच्या टेबलावरची इंगरिड मनानं चांगली, पण तिलाही विचारायला दोनच गोष्टी सापडायच्या: हत्ती आणि कुंकू. आपण कुणाच्या कोण, हे या लोकांना एकदा तरी नीट सांगावं, असं सुलेखाच्या मनानं घेतलं. नोव्हेंबरात भारतीय विद्यार्थ्यांची संध्याकाळ होती. तिथं ती जर्मनमधून सुदाम्याचं आख्यान लावणार होती. ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, म्हणून कुठं थांबायचं, हेसुद्धा तिनं बसवलं होतं.

दिनकर विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष, डॉक्टरेट करणारा, सगळ्यांत मोठा.

“माळ घालायला यजमान कोण?” तिनं विचारलं.

“मीच की. पण म्हणजे तुझ्या पाया पडायचं?”

“माझ्या नाही हो, दिनकरराव. नारदांच्या गादीच्या. तिथं सासरा सुनेच्या पाया पडतो.”

“सासरा व्हायचं वय नाही झालं माझं. पण पडू!”

सगळे हसले. पेटी वाजवणाऱ्या आत्मारामनं माळेची जबाबदारी घेतली आणि बाजारातून पांढरीशुभ्र शेवंती आणून ओवली.

पूर्वरंग असा रंगला म्हणता! पदर खोचून सुलेखा उभी राहिली, मैत्रीवर बोलत गेली, आणि मधूनमधून खुर्च्यांतून ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, असा हुंकार येऊ लागला. परमुलखात हुंकार मिळणं ही देवाचीच कृपा. गरीब सुदामा मित्राच्या राजवाड्याच्या दाराशी येऊन उभा राहिला, इथवर आणून तिनं नामाचा गजर धरला.

कीर्तनाला बसलेल्या कुणालाही विचारा, इथं सगळं थांबतं. यजमान उठतो, माळ घालतो, बुक्का लावतो, वाकतो. मगच आख्यान. सुलेखानं दिनकरकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत, त्याच्या प्रोफेसरांशेजारी. मांडीवर माळेचं ताट. त्यानं ताटाकडे पाहिलं, प्रोफेसरांकडे पाहिलं, मग बुटांकडे बघत राहिला. आत्मारामनं स्वर चढवून गजर पुन्हा उचलला. तिनं पुन्हा म्हटला. पुन्हा. दिनकर हलेना.

लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या. म्हातारे प्रोफेसर उठले, कमरेत वाकले आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाले, “वुंडरबार, फ्रॉइलाइन.” तोवर कुणीतरी दिवे मालवले आणि भिंतीवर स्लाइडमधला ताजमहाल उमटला.

सुलेखा आणि आत्माराम कपबशा विसळत होते, तेव्हा दिनकर आत आला.

“छान झालं हं. आटोपशीर.”

तिनं नळ मोठा सोडला.

“अगं, या आत्म्यानं शेवंती आणली. ती इथं थडग्यावर वाहतात! प्रोफेसरांसमोर तुझ्या गळ्यात घालू?”

“मला काय ठाऊक!” आत्माराम कळवळला. “तरीच फुलवाल्या बाईनं माझा हात दाबला, कोण गेलं म्हणून.”

“फुलं नव्हती चालत, कबूल,” सुलेखा म्हणाली. “वाकायला फुलं कशाला लागतात, दिनकरराव?”

“तू पुढे जायचंस ना मग! अडवलं कुणी होतं?”

तिनं बशी पुसली आणि दुसरी घेतली.

सकाळी ट्राममध्ये इंगरिड मुद्दाम तिच्याशेजारी येऊन बसली.

“काल तो गरीब मित्र राजवाड्याच्या दाराशी आला, आणि तू थांबलीसच. झोपेपर्यंत माझ्या डोक्यात तेच. राजानं काय केलं?”

राजा अनवाणी धावत आला, त्यानं मित्राला आपल्या आसनावर बसवलं, त्याचे पाय धुतले, हे सगळं सुलेखाला जर्मनमध्ये तोंडपाठ होतं. ओठांवर आलंही.

“राजा आत बसला होता,” ती म्हणाली. “शेजारी मोठी माणसं होती. उठला नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” इंगरिड समजुतीनं म्हणाली. “राजे असेच असतात.”