विराम की विसर

कुजबुज्यांनी दाराला आतून कडी लावायला घेतली तेव्हा महाराज अजून खालच्या जिन्यावर होते. धडधाकट माणसाला तेवढा वेळ पुरला असता आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. पण कुजबुज्यांचा उजवा हात गेली काही वर्षं त्यांचं ऐकत नव्हता. कडी कोयंड्याला टेकायची, निसटायची, पुन्हा टेकायची, आणि घरातून बाहेर यायला कुणी दार ठोठावतंय की काय असा खडखडाट चालला होता. शेवटी ती बसली. त्याच क्षणी पलीकडून भारदस्त आवाज आला.

"कडी वाजतेय म्हणजे स्वारी घरात आहे. उघड."

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. ताई म्हणजे कुजबुज्यांची बायको. नाटक मंडळीचा कपडेपट सांभाळायच्या तेव्हापासून त्या सगळ्यांच्याच ताई होत्या. फक्त महाराज त्यांना वहिनी म्हणायचे. त्यांनी कडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि एका झटक्यात दार उघडलं.

महाराजांनी आयुष्यभर राजेच केले. एकदा मंडळीच्या मालकांनी हौसेनं त्यांना नोकराचं काम देऊन पाहिलं, तर पहिल्याच प्रवेशात ते पाण्याचा पेला घेऊन आले आणि सिंहासनावरचा नट उठून उभा राहिला. पुन्हा त्या वाटेला कुणी गेलं नाही. आता कोट अंगाला एक माप मोठा झाला होता, पण खुर्चीत बसायची रीत तीच. आधी खुर्चीकडे नजर टाकायची, तिला पुरेसा मान दिला की मग बसायचं.

कुजबुजे त्याच मंडळीचे प्रॉम्प्टर. संहिता घेऊन विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानात सोडायचा, एवढंच काम. पण त्या कामात त्यांना तोड नव्हती. त्यांचं खरं नाव लग्नाच्या दिवशी एकदा उच्चारलं गेलं, त्यानंतर त्याची कुणाला गरज पडली नाही. असं सांगतात की राजा आणि प्रधान गालाला गाल लावून उभे असले तरी कुजबुज्यांचा शब्द राजाच्याच कानात शिरायचा, प्रधानाला पत्ता लागायचा नाही. त्याहून पक्के थापाडे सांगतात की ते एकाच श्वासात दोघांना दोन वेगळी वाक्यं द्यायचे. त्यातलं निम्मं तरी खरं असणार.

या कर्तबगारीचाच पुढे घोटाळा झाला. कंपवात हातात दिसायच्या आधी आवाजात शिरला होता. आवाज बसत चालला, बारीक होत चालला, आणि घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हातारा जन्मभर कुजबुजतच आलाय, आता काय नवीन! ताई ओरडायच्या, "अहो, मोठ्यानं बोला, प्रयोग चाललेला नाही." कुजबुज्यांनाही वाटायचं, सवयच ती. हात थरथरायला लागला तेव्हा कुठे डॉक्टर गाठले, तोवर निम्मा आवाज गेला होता.

डॉक्टर भला माणूस होता. हाताचं औषध दिल्यावर तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, की या आजारात मनही खाली बसतं, तो तुमचा दोष नाही, आजाराचाच भाग आहे. तसं काही वाटतं का? कुजबुज्यांनी बरंच काही सांगितलं. डॉक्टरांनी कान पुढे केला, पुन्हा विचारलं, आणखी एकदा विचारलं. शेवटी ताईच म्हणाल्या, "तसं काही नाही. जेवतात व्यवस्थित." त्या दिवसापासून कुजबुज्यांची उत्तरं ताईच द्यायला लागल्या. भूक आहे का, थंडी वाजते का, बरं वाटतंय का. बहुतेक उत्तरं बरोबरही असायची. मग कुजबुज्यांनी प्रश्नांकडे लक्ष देणंच सोडलं. पुढे एकदा दुकानाच्या पायरीशी त्यांचे पाय जमिनीला खिळले, काही केल्या उचलेनात, तेव्हा मागचा माणूस हसून म्हणाला, "काय आजोबा, सकाळी सकाळीच घेतलीत?" त्यानंतर त्यांनी जिना उतरणं सोडलं.

उरले होते ते महाराजांचे गुरुवार. महाराज यायचे, दौऱ्यावरच्या जुन्या गोष्टी सांगायचे, आणि ऐन रंगात एखाद्या शब्दाशी थबकून कुजबुज्यांकडे बघायचे. कुजबुजे शब्द पुरवायचे. आवाज किती का बारीक असेना, गाडी पुढे जायची. आठवड्यात तेवढा एक तास ते पुन्हा विंगेत उभे असायचे आणि समोर दिवे लागलेले असायचे. असं किती तरी महिने चाललं.

मागच्या आठवड्यात मात्र ताई फोनवर बोलत होत्या ते त्यांनी ऐकलं. "या हं महाराज, चुकवू नका. तुम्ही मुद्दाम थांबता ना मध्ये, त्यानं दोन शब्द तरी निघतात त्यांच्या तोंडून."

मुद्दाम. म्हणजे इतके दिवस रोग्याला चमच्यानं भरवावं तसं चाललं होतं तर. कुजबुज्यांनी मनाशी ठरवलं, पुढच्या गुरुवारी दार उघडायचं नाही, आणि उघडावं लागलंच तर सांगून टाकायचं, की येत जाऊ नकोस. महाराज यायचे थांबले की बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. एकदाचा तोही त्रास मिटणार होता.

आता महाराज समोर बसले होते आणि गांधीलमाशीची गोष्ट सुरू झाली होती. ती कुजबुज्यांना पाठ होती. नदीकाठच्या एका तंबूत प्रयोग चालला होता, राजा भर दरबारात प्रधानाला राजद्रोहाबद्दल जाब विचारत होता, आणि विंगेतल्या कुजबुज्यांना दिसलं की प्रधानाच्या मानेवर गांधीलमाशी बसली आहे. त्यांनी सावध करायला म्हणून राजाच्या कानात सोडलं. राजाला विंगेतून येईल तो शब्द प्रमाण. महाराजांनी हात उगारला आणि गरजले, "प्रधानजी, गांधीलमाशी बसली आहे आपल्या मानेवर!" प्रधान पांढराफटक पडला. प्रेक्षकांना वाटलं, केवढी ही उपमा. टाळ्या थांबेनात. पुढच्या प्रयोगापासून मालकांनी ते वाक्य संहितेतच घातलं, आणि प्रधान बिचारा दर प्रयोगाला मान चाचपून पाहायचा.

"...आणि मी हात उगारला," महाराज म्हणाले, "सगळा तंबू चिडीचूप. आणि मी म्हटलं, प्रधानजी..."

ते थांबले.

कुजबुज्यांनी ओठ घट्ट मिटले. बस आता तसाच, त्यांनी मनात म्हटलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. ताईही वाट पाहत होत्या.

प्रॉम्प्टरला एकच गोष्ट खरी यावी लागते. शब्द काय, संहितेत लिहिलेलेच असतात. नट गप्प झाला की तो विराम आहे की विसर, हे ओळखता यायला हवं. विरामात शब्द टाकणं म्हणजे चालत्या माणसाला कुबडी देणं. नट जन्मभर क्षमा करत नाही. विसर पडलेल्याला शब्द न देणं म्हणजे बुडत्याकडे पाठ फिरवणं. आणि ओळखायला वेळ असतो तो पापणी लवेपर्यंतचा. विरामात नटाचा श्वास पोटात भरलेला असतो, त्याला मौज वाटत असते. विसर पडला की श्वास कुठेच नसतो.

कुजबुजे रागानं महाराजांच्या तोंडाकडे बघत राहिले. रागानं का होईना, बऱ्याच दिवसांनी ते नीट बघत होते. महाराजांचा हात हवेत उगारलेला होता. तो खाली कसा आणायचा हे त्यांना ठाऊक नसावं. डोळे कुजबुज्यांवर होते, पण त्यांना पाहत नव्हते. दुसऱ्या हाताचा अंगठा कोटाच्या काठावरून पुढेमागे, पुढेमागे फिरत होता. आणि छाती हलत नव्हती.

कुजबुज्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. त्यांनी खुर्चीचे हात धरले, पोटातून जोर लावला, तरी तेच. इतके गुरुवार ते शब्द देत आले होते, आणि एकदाही त्यांनी समोरच्याच्या छातीकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ते ओरडले.

"गांधीलमाशी!"

स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

महाराज दचकले. हात खाली आला. छातीत श्वास शिरला.

"ओरडतोस कशाला," ते म्हणाले, "बहिरा नाही मी."

ताई दाराशी आल्या. कोण ओरडलं, म्हणून विचारलं आणि सवयीनं उत्तरही त्याच देणार होत्या. पण कुजबुजे म्हणाले, "मी." ताईंनी उघडलेलं तोंड मिटलं. काय झालं, हे कुजबुज्यांनी सांगितलं नाही. कोण कुठल्या शब्दाला अडला होता, हे प्रॉम्प्टर बाहेर बोलत नाही. ताई चहा ठेवायला गेल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवायचा प्रयत्न केला. ती हलेना, तेव्हा महाराजांनीच आपली ओढली.

"केव्हापासून?" कुजबुज्यांनी विचारलं.

शेवटच्या रांगेला ऐकू जाईल याहून खाली महाराजांचा आवाज कधी उतरला नव्हता. तो आता उतरला. लेकीला वाटतं, वयानं शांत झालोय, ते म्हणाले. घरात ते बोलतच नसत. बोलायला लागलं की मध्येच वाट संपायची, आणि सगळे तोंडाकडे बघत राहायचे. डॉक्टरकडे जायची भीती वाटत होती. डॉक्टर विचारणार, कुठे राहता. अजून सांगता येत होतं. एखाद्या दिवशी तिथे बसल्यावर नाही आलं तर?

"इथं वाट संपली तरी चालतं," ते म्हणाले. "तू असतोस."

"मला वाटलं, मला बोलतं करायला येतोस."

"वहिनी तसं म्हणाल्या खऱ्या." महाराजांनी कोटाचा काठ सोडला आणि जरा ताठ बसले. "मीही हो म्हटलं. तेवढंच बरं दिसतं."

कुजबुजे हसले. हसू चेहऱ्यापर्यंत आलं नाही, आताशा येत नसे. पण खांदे हलले, आणि महाराजांना खांदे वाचता येत होते.

चहा झाला. महाराज निघाले, ताईंचा निरोप घेतला, उंबरा ओलांडला आणि खाली उतरायचं सोडून डौलात वरचा जिना चढायला लागले.

"थांब," कुजबुजे म्हणाले. "मी येतो खाली."

ताईंनी चपला आणून पायांशी ठेवल्या आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. एवढं न बोलणं त्यांना आजवर कुठल्याच प्रसंगी जमलं नव्हतं.

जिना बरा गेला. फाटकाबाहेर आले, रस्त्याची कड आली, आणि कुजबुज्यांचे पाय खिळले. समोरून सायकली गेल्या, एक हातगाडी गेली. फळवाला मान वर करून बघायला लागला. महाराज शेजारी सरळ समोर बघत उभे होते. ओठ हलल्याचं कुणाला दिसलंही नसतं.

"उजवा," ते कुजबुजले.

पाय उचलला.

"माहीत होतं मला," कुजबुजे म्हणाले. "विराम होता तो."

"हो ना. मी कुठे काय म्हटलं."

थांब्यावर दोघं बाकावर टेकले. पुढच्या गुरुवारी मी तुझ्याकडे येतो, कुजबुज्यांनी सांगून टाकलं. लेकीला समोर बसवायचं आणि सगळं सांगायचं. मग डॉक्टरकडेही दोघांनी मिळूनच जायचं.

"सुरुवात कुणी करायची?" महाराजांनी विचारलं.

"तू कर. अडलास तर मी आहे."

बस आली. महाराज चढले. कुजबुज्यांनी दांडा धरून त्यांचा उतरायचा थांबा कंडक्टरला सांगितला. पहिल्यांदा त्याला ऐकू गेला नाही. दुसऱ्यांदा सगळ्या बसला ऐकू गेला.

बस गेली. कुजबुजे परत फिरले आणि रस्त्याच्या कडेशी पाय पुन्हा रुतून बसले. शेजारी पिशव्या घेतलेली एक बाई उभी होती. तिनं त्यांच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं आणि सभ्यपणे दुसरीकडे मान वळवली. कुजबुज्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"उजवा!" ते गरजले.

त्यांचं पाऊल पडलं. शेजारच्या बाईनंही दचकून पाऊल टाकलं, आणि दोघांनी मिळून रस्ता ओलांडला.