न तपासलेला ट्रे

दुपारी बाराचा भोंगा झाला की पाच मिनिटं डोळे मिटून प्रार्थना करायची, हा माझा दोन वर्षांचा नेम. चाकणच्या कंपनीत असले तर तपासणीच्या टेबलाशी उभी राहूनच करते. आमच्याकडे दुचाकीच्या ब्रेकचे लिव्हर तपासायला येतात. लिव्हरच्या भोकात गेज, म्हणजे मापाची सळई, घालून पाहायचं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं म्हणजे भोक मोठं, पिन सैल बसणार, तो नग लाल पेटीत टाकायचा. एका ट्रेत चाळीस नग. ट्रे झाला की हिरवा टॅग लावून सही.

कामात खंड पडणार नसेल तरच प्रार्थना करा, असं लाइनचे सुपरवायझर बबनराव यांनी सांगितलं होतं. म्हणून त्या पाच मिनिटांत शेजारच्या टेबलावरची मिनल माझा ट्रे पुरा करायची. ती बौद्ध घरातली, सांगवीची, तोंडानं फटकळ. तुझा देव माझ्याकडून फुकट ओव्हरटाइम करून घेतो, म्हणायची. पण कधी चुकली नाही. मी डोळे उघडायचे, ट्रे डावीकडे सरकवायचे, टॅग लावून सही करायचे. विचारायची वेळच आली नव्हती.

बुधवारी शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये मिनल शेजारी येऊन बसली. तिला त्या दिवशी सकाळीच दुसऱ्या लाइनवर पाठवलं होतं. मोशीच्या पुढं आल्यावर ती हसत म्हणाली, "ताई, आज मी नव्हते. मग तुझा ट्रे कुणी तपासला, देवानं?"

मी हसायला गेले आणि दुपार आठवू लागले. आठवलं ते एवढंच. डोळे उघडले, ट्रे डावीकडे सरकवला, टॅग लावला, सही केली. गेज ठेवलं होतं तिथंच होतं.

आकुर्डीला उतरले तेव्हा साडेचार वाजले होते. माल भरलेली गाडी सहाला निघते. सांगावं तर नोकरी गेलीच, वर्षावर्षाच्या करारावरची बाई कोण ठेवतं? न सांगावं तर ते लिव्हर कुणाच्या तरी गाडीला लागणार. घरी येऊन खाटेपाशी गुडघे टेकले. प्रभो, तुला सर्व शक्य आहे, ते चाळीसही चांगले निघू दे. पुन्हा पुन्हा तेच मागत होते, आणि मिटल्या डोळ्यांसमोर नाशिक रस्ता येत होता. पुढं थांबलेला ट्रक, आणि ब्रेक दाबणारी कुणाची तरी चार बोटं. चेहरा दिसत नव्हता, बोटंच दिसत होती.

सासरे स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. ते आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, वीस वर्षं रविवारचा बायबलचा वर्ग घेतलेला. देवाला न जमणारं काही असतं का, म्हणून मी आडून विचारलं. ते शांतपणे सांगू लागले. देवाला खोटं बोलता येत नाही, दिलेला शब्द मोडता येत नाही. हा त्याचा दुबळेपणा नव्हे, तो तसा आहे म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

"पप्पा, लोखंडात भोक मोठं पडलं असेल, तर ते तो लहान करेल?"

"करू शकतो. मेलेल्याला उठवतो, त्याला भोकाचं काय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"भोक तो नीट करेलही, वर्षाली. पण तू तपासलंस, असं तो करू शकत नाही. टॅगवर तुझी सही आहे. ती खरी करायची तर त्याला खोटं व्हावं लागेल."

"मग मी मागू काय?"

"मला नको विचारूस. मलाही भीती वाटतेय."

सहाला दहा मिनिटं होती. मी बबनरावांना फोन लावला. ते चाकणजवळच्या गावातले, मोठ्यानं बोलणारे. मी झालेलं सांगितलं. पलीकडे क्रेट आदळल्याचे आवाज येत होते.

"ताई, गाडी गेटवर हाय. थांबवायची तर कारण लिहावं लागंल. तुमचं नाव येईल त्यात."

"येऊ द्या," मी म्हणाले. इतकं हळू, की त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सगळा माल खाली उतरवलेला होता. माझ्या सहीचे टॅग वेगळे काढले, त्यांवरच्या वेळा पाहून तो ट्रे शोधला. मिनल आणि मी तपासायला बसलो, बबनराव उभे राहिले. प्रत्येक नगाला माझ्या ओठांवर तीच विनंती होती. तीन लिव्हरमध्ये गेजचं दुसरं टोक अलगद आत गेलं. मिनलनं ते लाल पेटीत ठेवले.

मग बबनरावांनी कागद दिला. काय घडलं ते माझ्या हातानं लिहायचं होतं. लिहिलं. त्यांनी वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, ह्याच्या आधी मिनल रजेवर असायची, तवा?"

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. बसमध्ये नाही, गुडघे टेकले तेव्हा नाही, पप्पांशी बोलताना नाही. मिनलच्या बहिणीचं लग्न झालं होतं. ती तापानं चार दिवस घरी होती. त्या दिवसांत बाराच्या भोंग्यानंतर माझ्या हातांनी काय केलं? मी आठवू पाहिलं. काहीच दिसेना. त्या दिवसांचा माल आता गेटवर नव्हता. त्या गाड्या केव्हाच रस्त्याला लागल्या होत्या, त्यांवर माणसं बसत होती. त्या लोखंडासाठी मी तिथंच उभ्या उभ्या देवाकडे मागितलं. माझ्या हातांनी जे झालं ते होऊन गेलं होतं, त्यासाठी मागण्यासारखं काही नव्हतं.

बबनरावांनी पेनाला टोपण लावलं होतं. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आठवत न्हाई म्हणलात तरी चालंल."

माणूस चांगला. त्यांच्या त्या चांगुलपणाचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मी कागद पुन्हा माझ्याकडे ओढला.

"हजेरीवरून मिनलच्या रजेच्या तारखा काढा," मी म्हणाले. "दोन्ही वर्षांच्या."