हिरव्या नाकाची आत्या

त्या चित्रापायी आत्यानं जन्मभर चेष्टा ऐकून घेतली होती. तरुणपणी मैत्रिणीनं तिचंच ते चित्र काढलं होतं. काढलं कसलं, थापलंच होतं. तैलरंगाचे जाडच्या जाड थर, गाल केशरी, नाक हिरवंगार, एक डोळा वर तर एक खाली. "दारात लावा, चोर फिरकायचा नाही," असं म्हणून हसत घरच्यांनी शेवटी ते पाहुण्यांना दिसू नये म्हणून स्वयंपाकघरात टांगलं. पुढे मैत्रीण नोकरीसाठी परगावी गेली आणि दोघींचं बोलणं वाढदिवसाच्या फोनापुरतं उरलं.

यंदा भिंत रंगवायची म्हणून चित्र उतरवलं, तर गालाचा पोपडा भाच्याच्या हातात आला. पोपडा डबीत घालून तो आत्याला आणि चित्राला घेऊन जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेला.

बाईंनी खोलीत अंधार करून दिवा बाजूनं धरला. रंगाच्या उंचवट्यांच्या सावल्या पडल्या. आत्याला आपलाच चेहरा डोंगरदऱ्यांसारखा दिसला.

"रंग सुटलाय, पण वाया गेलेला नाही," बाई म्हणाल्या.

"दाबून सपाट केला तर?" भाच्यानं विचारलं.

"इस्त्री करायला हा शर्ट आहे का? या जाडीतच तर सगळा जीव आहे."

"आणि चित्राची किंमत?"

"हात कसलेला आहे. कुठे कचरलेला नाही. पण सही नाही. कोणी काढलं ते ठरल्याशिवाय मी काय लिहून देऊ?"

"एवढंच ना? मैत्रिणीलाच बोलावते सही करायला," म्हणत आत्यानं फोन लावला.

पलीकडून मैत्रीण ओरडलीच, "अगं, ते अजून आहे? मला वाटलं, चुलीत घातलं असशील!"

ती येईपर्यंत बाईंनी सुटलेल्या रंगाखाली थेंबथेंब सरस सोडला, कोमट पात्यानं पोपडे अलगद टेकवले, कापसाच्या बोळ्यांनी तेलकट काजळी पुसली. गालाचा केशरी रंग असा काही उजळला, की आत्या बघतच राहिली. एवढी उमेद आपल्या तोंडावर होती तरी कधी?

मैत्रीण आली, काठी टेकत. चित्राजवळ जाऊन तिनं नाक निरखलं आणि पिशवीतून ब्रश काढला.

"नाक चुकलंय. दोन मिनिटांचं काम आहे."

बाई झटकन आडव्या आल्या. "हात लावायचा नाही!"

"अहो, मीच काढलंय ते!"

"काढलंत तेव्हा तुमचं होतं. आता यांचं आहे."

दोघी आत्याकडे बघू लागल्या. आत्याला हसू आवरेना. "राहू दे गं. दुसरं नाक लावलंस तर मी मलाच ओळखायची नाही."

मैत्रिणीनं मागच्या बाजूला, लाकडी चौकटीवर, बाईंच्या देखरेखीखाली सही केली. बाईंनी मूल्यांकनाचा कागद पुरा केला. तो भाच्याकडे देत आत्या म्हणाली, "नीट ठेव. पण चित्र विकायचं नाही. बाहेरच्या खोलीत लावायचं, सगळ्यांना दिसेल असं."

जिना उतरताना मैत्रीण थांबली. "नवीन काढू का तुझं? बसशील?"

"या वयात?"

"आता तर तोंडावर रंगवण्यासारखं बरंच काही आहे."

"उद्या सकाळी ये," आत्या म्हणाली. "पण भरभर आटप. मला फार वेळ गप्प बसवत नाही."